माईक सगळ्यांचा

मशीनवर कोण बसणार, यावरून सलीमभाईंच्या घरात दुपारच्या जेवणापासून जुंपली होती. जेवण कसलं, ताटातली खिचडी निवत पडली होती आणि धाकटा मुजाहिद हातातला चमचा ट्रॅफिक हवालदारासारखा इकडून तिकडे फिरवत होता. या घरात भांडायचं अहिराणीत आणि समजूत घालायची उर्दूत, असा मोठ्या अब्बांपासूनचा रिवाज. आज अजून उर्दूचा नंबर लागला नव्हता.

"पंचेचाळीस वरीस तुम्हीच बठनात ना अब्बा? मंग आजच काबरं नही?" मुजाहिदने विचारलं.

"आज मन्ही बहू बोलनार शे म्हनीसन नही," सलीमभाई म्हणाले. "मी बटनले हात लावा, का लोके म्हनतीन, सासरानी बहूना आवाज चढावा आनि तुळशीबाईना उतारा. मी समोर बठसू. खुर्चीवर, लोकेस्मा."

"खुर्चीवर बठता तरी येस का तुम्हले?" स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोने, सुरैय्याने टोला हाणला.

टोला बरोबर बसला होता. सलीमभाई ज्याला मशीन म्हणत तो ॲम्प्लिफायर, आणि त्याच्या मागचं लाकडी स्टूल, ही त्यांची जागा. मोठे अब्बा, म्हणजे सलीमभाईंचे वडील, बैलगाडीत कर्णे भरून म्हसावदच्या जत्रेला जायचे. सलीमभाईंनी तेच कर्णे मांडीवर घेऊन धडगावचा घाट जीपमधून पार केला होता, रनाळ्याची लग्नं वाजवली होती. जिल्ह्यातला जो कोणी म्हणून दोन शब्द बोलला, तो यांच्या माईकमधून. सगळ्या पक्षांचे झेंडे त्यांच्या मशीनच्या डोक्यावरून फडफडून गेले, पण सलीमभाई मत कोणाला देतात हे सुरैय्यालासुद्धा कळलं नव्हतं. मोठ्या अब्बांनी घालून दिलेला एकच नियम होता. माईक सगळ्यांचा.

आणि अशा घरातली थोरली सून, सदफ, वॉर्डातून नगरसेवकपदासाठी उभी राहिली होती!

अर्ज भरला त्या दिवशी घरात भूकंप झाला. तिचा नवरा मुजफ्फर म्हणाला, धंदा बसेल. खरंच दोन ऑर्डरी दुसऱ्या गावच्या साउंडवाल्याकडे गेल्या, तेव्हापासून तो तोंड फुगवून होता. सुरैय्या तर तीन दिवस सुनेशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बाजारात कोणीतरी म्हणालं, "माईकवाल्यांची सून काय बोलणार? हॅलो, हॅलो?" सुरैय्या भाजीची पिशवी तिथेच ठेवून घरी आली आणि म्हणाली, "आते तं निवडीच येनं पडी." त्या दिवसापासून सासू प्रचारप्रमुख. मुजाहिद तर पहिल्यापासूनच भाभीच्या बाजूचा. आता मध्ये लटकले होते ते एकटे सलीमभाई. सून जिंकावी असं मनापासून वाटत होतं, आणि नियम मोडू नये असंही मनापासून वाटत होतं.

मतदानाला चार दिवस उरले होते. वॉर्डात दोनच उमेदवार, सदफ आणि तुळशीबाई. तुळशीबाई दोन वेळा निवडून आलेल्या, बोलायला उभ्या राहिल्या की पानटपरीवाला चुना लावायचा थांबायचा. चौकातले किराणा दुकानदार प्रेमचंदशेठ यांनी डोकं लढवलं होतं. आज संध्याकाळी पाचला दोघींनी एकाच मंचावर यायचं, दहा-दहा मिनिटं बोलायचं, मग लोकांनी काय ते ठरवायचं. माईक अर्थातच सलीमभाईंचा. दुसरा होताच कुठे?

"मंग मशीनवर मुजफ्फर बठी," सुरैय्या म्हणाली.

"मी नही," कोपऱ्यातून मुजफ्फर पहिल्यांदाच बोलला. "मी नवरा शे. लोके माले खाई टाकतीन."

"तुळशीबाईनी सोता सांगेल शे," सलीमभाई म्हणाले. "मुजाहिदले बठू द्या म्हने. मन्हा दोन्ही निवडनुकीस्मा तो तुमना बाजूले बठना, त्यावर मन्हा भरोसा शे."

मुजाहिदने चमचा खाली ठेवला. सुरैय्याने त्याच्या ताटात गरम खिचडी वाढली, तुपाची वाटी पुढे सरकवली आणि हलकेच म्हणाली, "जरा देखी ले, बेटा." सलीमभाईंना वाटलं, तुपाचं म्हणते आहे.

जेवणं उरकल्यावर सदफ वही घेऊन समोर उभी राहिली. ती मालेगावची, उर्दू माध्यमात शिकलेली. इथे आल्यावर मोहल्ल्यातल्या मुलींच्या शिकवण्या घेता घेता तिने मराठी पक्की केली होती. वाचनालयातून भाषणकलेचं एक जाडजूड पुस्तकही आणलं होतं.

"व्यासपीठावर विराजमान आदरणीय अध्यक्ष महोदय, उपस्थित मान्यवर आणि माझ्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो," तिने सुरुवात केली.

सलीमभाईंनी तोंडावर हात धरून खोकून दाखवलं.

"काय झालं अब्बा?"

"मी नही खोकनू. चौक खोकना. बेटी, मशीनना मांगे बठीसन मी लोके देखत नही, आयकस. चांगलं भाषन चालू व्हई तं कोनी खोकत नही. जठे मुद्दा संपना तठे खोकला सुरू व्हस. आनि ह्या 'आदरणीय, विराजमान' वर तं पुरा गाव खोकस."

सदफ हसली, पण वही मिटली नाही. "पुस्तकात लिहिलंय, भाषणाला तीन गोष्टी लागतात. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याचं मन, आणि बोलण्यातला मुद्दा. या तीनपैकी पहिली कोणती, अब्बा?"

सलीमभाई विचारात पडले. इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या लेखी पहिली गोष्ट होती आवाज. "मुद्दाच असी पहिला," ते म्हणाले, पण त्यांना स्वतःलाच ते पटलं नाही. मग जे नक्की ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं. "चौकमा चार कर्णा शेत. तीन जवळ, आनि चौथा टेलरना गच्चीवर. तू आठे बोलनी का तो तठे जराशा मांगून बोलस. त्याले बोलू दे. तो गप व्हयना, का मंग दुसरं वाक्य. घाईमा बोलनारा आपलाच आवाज खाई टाकस."

"म्हणजे शेवटच्या कर्ण्यासाठी थांबायचं."

"हां. तठे बठेल मानूस बी मतदार शे ना?"

कोपऱ्यात मुजफ्फरला हसू आलं आणि त्याने ते लपवायला पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. सदफने ते पाहिलं. अर्ज भरल्यापासूनच्या अठरा दिवसांत नवरा पहिल्यांदा हसला होता, म्हणून तिनेही मग वही मिटली.

पाच वाजता चौक गच्च भरला. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे, काही जण ओट्यावर. सलीमभाई तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले खरे, पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. बोटं आपोआप गुडघ्यावर बटण शोधत होती. शेजारचा शांतीलाल शिंपी म्हणाला, "सलीमभाई, आज तुम्ही गिऱ्हाईक!" आजूबाजूचे हसले.

प्रेमचंदशेठनी चिठ्ठ्या काढल्या. पहिलं नाव तुळशीबाईंचं निघालं.

तुळशीबाई उठल्या, पदर खोचला आणि कोणाचंही नाव न घेता सरळ विषयाला भिडल्या. "मन्हा मायबहिनीस्वन, या गल्लीमा दहा वरीस पहिले दिवा नव्हता. आठे अंधार व्हता. कोनी लावा दिवा?" काय ते बोलणं! प्रश्न टाकायचा, एक श्वास थांबायचं आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढायचं. सलीमभाईंचं मन बेइमान झालं. सुनेची विरोधक असली म्हणून काय झालं, कारागिराला कारागिरी दिसतेच.

"सांगा, कोनी लावा..." तुळशीबाईंनी आवाज चढवला, आणि नेमकी त्याच क्षणी माईकने शिट्टी मारली. कर्कश, कान फाडणारी. बायकांनी कानांवर हात धरले आणि उत्तर कोणाच्याच तोंडून निघालं नाही.

होतं असं, सलीमभाई मनात म्हणाले. हवा कोरडी आहे.

तुळशीबाई पुन्हा सरसावल्या. गटारीचं काम सांगितलं, अंगणवाडीचं सांगितलं, आणि टाळीच्या वाक्यापाशी आल्या. पुन्हा शिट्टी. मग लगेच आवाज इतका खोल गेला की वाक्याचं शेपूट मागच्यांना ऐकूच आलं नाही. पुढे बसलेली भाजीवाली कालीबाई ओरडली, "ओ बाई, काय बोली ऱ्हायनात? आम्हले काहीच आयकू येत नही!" कोणीतरी हसलं. मागून कोणीतरी तोंडाने शिट्टी मारली आणि मग पुष्कळ जण हसले.

तिसऱ्या शिट्टीला सलीमभाईंनी मान वळवून मशीनकडे पाहिलं. मशीन बिघडलं की कशीही, कधीही बोंबलतं. ही शिट्टी मात्र टाळीच्या बरोबर आधी येत होती, एकदाही चुकत नव्हती. त्यासाठी भाषणाची जाण लागते. टाळी कुठे येणार हे आधी कळावं लागतं. ही विद्या त्यांनी स्वतःच मुजाहिदला स्टुलाशेजारी बसवून शिकवली होती.

मंचावर तुळशीबाई घोटभर पाणी प्यायल्या. समोर लोक हसत होते आणि एवढ्या मुरलेल्या बाईंनाही ते का हसतात हे समजत नव्हतं. शेजारच्या खुर्चीत सदफ वही घट्ट धरून मशीनकडे बघत होती. तिलाही कळलं होतं. या घरात अकरा वर्षं वायरी सोल्डर करणारी बाई ती, तिला कसं कळणार नाही?

आता काय करावं? गप्प बसलं तर सून निवडून येणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. तुळशीबाईंची दहा मिनिटं अशीच वाया गेली, की नंतर सदफचा आवाज दुधासारखा येणार आणि चौक तिच्या मागे जाणार. आणि उठलं तर? भर चौकात आपल्याच पोराला चोर ठरवायचं. चार दिवसांवर मतदान. सुनेच्या पायावर सासऱ्याने धोंडा टाकायचा. सलीमभाईंना रडू येईल असं वाटलं. बापाचा जीव एकीकडे ओढत होता, आणि मोठे अब्बा दुसरीकडे.

ते उठले.

तिसऱ्या रांगेपासून मशीनपर्यंत चाळीस पावलं असतील. ती चालताना त्यांना धडगावचा घाट आठवला नाही की काही नाही, फक्त घाम आला.

"ऊठ," ते मुजाहिदला म्हणाले.

"अब्बा, बठा ना तठे! लोके देखी ऱ्हायनात!" मुजाहिद कुजबुजला. "भाभीसाठे करी ऱ्हायनू मी. अम्मीनी बी सांगं व्हतं, देखी ले म्हनीसन."

"आपन आवाज देतस, मुजाहिद. लेतस नही. ऊठ."

मुजाहिद उठला. सलीमभाईंनी मशीनशेजारचा सुटा माईक उचलला, बटण सुरू केलं, आणि तोंड उघडलं. आणि पंचेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून माईकमध्ये जे निघत आलं होतं तेच निघालं.

"हॅलो. हॅलो. चेक. वन, टू, थ्री."

चौक असा काही हसला की ओट्यावरचा एक जण खाली घसरला. सलीमभाईंनाही कळेना, पुढे काय म्हणायचं असतं. माईक त्यांचा होता, पण भाषण कधी त्यांचं नव्हतंच. त्यांनी हसणं संपू दिलं. टेलरच्या गच्चीवरचा कर्णा 'थ्री' म्हणून गप्प झाला. मग ते बोलले.

"मशीन चांगलं शे. खराबी मशीनमा नही. मन्हा घरमा शे." हसणं थांबलं. "तुळशीबाईना आवाज मन्हा आंडोरनी, या मुजाहिदनी दाबा. जानीबुजी. मी वळखं, म्हनीसन सांगी ऱ्हायनू. तुळशीबाई, माफ करा. गाववालास्वन, माफ करा."

मागे गलका उठला. "हाई बरं शे!" "माईक यास्ना, बहू यास्नी, निवडनूक बी यास्नीच!" "अर्ज मांगे ल्या!" सतरंजीवर बसलेल्या सुरैय्याने पदर डोळ्यांना लावला. आणि मग सलीमभाईंच्या शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. वळून पाहिलं तर मुजफ्फर होता, अठरा दिवस कोपऱ्यात बसलेला. बापाच्या खांद्याला खांदा लावून लोकांकडे तोंड करून नुसता उभा राहिला.

मंचावर सदफ उठली होती.

"प्रेमचंदशेठ, माझी दहा मिनिटं तुळशीताईंना द्या."

"असं कसं? मग तुम्ही काय बोलणार?"

"वेळ उरला तर बोलेन."

तुळशीबाई फणकारल्या. "भीक नको माले."

"भीक नाही ताई. तुमचीच मिनिटं आहेत. आमच्या घरातून गेली, आमच्या घरातूनच परत आली पाहिजेत."

तुळशीबाईंनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "स्टँड हाली ऱ्हायना. कोनी धरी का?"

"मुजाहिद," सलीमभाई म्हणाले, "जा. धर."

आणि मुजाहिद मंचावर गेला. आख्ख्या चौकासमोर, मान खाली घालून, त्याने तुळशीबाईंपुढे दोन्ही हातांनी स्टँड धरला. सलीमभाई स्टुलावर बसले आणि बोटांना त्यांची जागा मिळाली. ट्रेबल किंचित खाली, बाईंच्या खर्जाला थोडी ऊब, टाळीच्या जागी आवाज केसभर मोकळा. त्यांनी इतका सुंदर आवाज कोणालाच दिला नव्हता, सख्ख्या भावाच्या लग्नातही नाही.

तुळशीबाई बोलल्या की बरसल्या! "सांगा, कोनी लावा दिवा?" "तुम्ही लावा!" चौकाने उत्तर दिलं. एक खोकला नाही. सात मिनिटं झाली, आठवं लागणार, तेवढ्यात त्यांनी स्वतःच हात वर केला.

"तीन मिनिटं बाकी शेत. त्या सदफन्या. मी बी कोनाना आवाज खात नही."

टाळ्या कडाडल्या. तीन मिनिटं! समोर तापलेला चौक, कानात तुळशीबाईंचा आवाज घुमतोय, आणि घराची अब्रू नुकतीच चव्हाट्यावर मांडलेली. पोरीने बोलावं तरी काय?

सदफने वही खुर्चीवर ठेवली. मुजाहिद जायला निघाला तर तिने त्याला थांबवलं, "राहू दे, धर." आणि ती माईकपाशी आली. बोलली मात्र नाही. लोक शांत व्हायची तिने वाट पाहिली. मागची कुजबुज मिटली, सतरंजीवरचं एक लेकरू गप्प झालं, तरी ती थांबली.

"नळले पानी कितला वाजता येई?" तिने विचारलं.

टेलरच्या गच्चीवरून कर्ण्याने विचारलं, येई?

"कोनले माहीत शे?"

"कोनलेच नही!" कालीबाई तडकली.

"कालीबाई मंगळवारले नळपाशी बठनी. बाजार बुडना. नळ बी उना नही." सदफची अहिराणी थोडी अडखळत होती, पण ती घाई करत नव्हती. "मी टाकी बांधसू असं म्हननार नही. टाकी मन्हा हातमा नही. मन्हा हातमा माईक शे."

तिने गच्चीवरच्या कर्ण्याला बोलू दिलं.

"पानी सुटाना एक तास पहिले या चौकमा आवाज व्हई. आज पानी येई ऱ्हायनं. नही येनार व्हई, तं ते बी सांगसू. तुम्ही तुमना कामले जा."

"आनि निवडी नही उनी तं?" मागून एकाने खडा टाकला.

"तरी बी सांगसू. माईक सगळास्ना शे."

"मंग तुले मत कसाले दिऊत?" तो हटेना. लोक हसले. सलीमभाईंनी डोळे मिटले. इथे भलेभले आपटतात, हे त्यांनी कितीदा ऐकलं होतं.

सदफपण हसली. "भाऊ, पानी कव्हय सुटनार हाई मी वॉल्व्हवालाले इचारीसन सांगसू. पन ते दर हप्ताले एकच टाईमले सुटाले पायजे, याना ठराव सभामा मांडना पडी. तठे माईक लई जाता येत नही. तठे मानूस धाडनं पडस."

"हाई बरोबर शे," ओट्यावरून एक म्हातारा म्हणाला, जणू त्याच्याशीच बोलणं चाललं होतं.

मग तिचा आवाज जरा खाली आला, आणि सलीमभाईंनी बटणाला हात लावला नाही. ज्यांना ऐकायचं होतं ते पुढे वाकले. सगळेच वाकले.

"आज आमना घरथून चूक व्हयनी. तुम्हले कोनी सांगी? मन्हा सासरानी. त्यास्ले कोनी इचारं नव्हतं. उद्या मन्हाकडथून चूक व्हयनी, तं ती बी तुम्हले याच माईकवरथून समजी. मी नही सांगनू, तं हाऊ म्हतारा सांगी. त्या घरमाच मी ऱ्हास." ती थांबली. गच्चीवरचा कर्णाही थांबला. "बस. इतलंच सांगनं व्हतं."

ती मागे सरली. टाळी आली नाही. एक क्षण गेला, दोन गेले. आणि मग कालीबाई उभी राहिली, तिच्या मागे सतरंजीवरच्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या, आणि असा कडकडाट उठला की मशीनचा काटा कोणी न बोलता लाल रेघेवर जाऊन आदळला. प्रेमचंदशेठ घंटा वाजवायची विसरले. मागून ज्याने खडा टाकला होता तोच सगळ्यांत मोठ्याने शिट्ट्या मारत होता, आणि या खऱ्या शिट्ट्या होत्या. सलीमभाई स्टुलावर बसून लहान पोरासारखे रडले. त्यांना दुपारपासून जे उत्तर सापडत नव्हतं ते सापडलं होतं. मुद्दा चांगला होता, लोकांचं मनही तिने राखलं होतं, पण चौक आधी झुकला होता तो पत पाहून, आणि ती पत बुडाली असं समजून ते स्वतः चाळीस पावलं चालत आले होते.

सुरैय्या लगबगीने मंचाजवळ आली आणि सुनेची अलाबला घेऊन स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडू लागली. मग नवऱ्याकडे वळून घाईघाईने उर्दूत म्हणाली, "मैंने तो घी का बोला था."

"मालूम है," सलीमभाई म्हणाले. दोघांनाही ठाऊक होतं की ते खोटं आहे, पण आज एवढं चालण्यासारखं होतं.

मुजाहिद वायर गुंडाळत आला. बापाकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. "अब्बा, मी मशीनवर आते कव्हय बठसू?"

"पहिले तुळशीबाईना घर जा. माफी मांग. मंग ये, बठ."

"मी आठेच शे," मागून आवाज आला. तुळशीबाई पदराने मान पुसत उभ्या होत्या. मुजाहिद वाकायला गेला तर त्यांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. "मेल्या! दहा वरीस माले आत्या म्हनस ना तू?" एवढ्यावर त्यांनी विषय मिटवला आणि सलीमभाईंकडे वळल्या. "सलीमभाऊ, वही काढा तुमनी. ऑर्डरनी."

सलीमभाईंनी खिशातली वही काढली.

"निकालना दिवसले मन्ही मिरवनूकना माईक सांगी ठेवेल शे मी. देखा, लिखेल शे का?"

लिहिलेलं होतं. मुजफ्फरच्या अक्षरात, तुळशीबाई, विजयी मिरवणूक, चार कर्णे, एक मशीन. सलीमभाईंचा चेहरा उतरला. आज इतकं झाल्यावर बाई ऑर्डर मोडणार यात नवल नव्हतं. त्यांनी पेन उघडलं.

"रद्द करू का बाई?"

तुळशीबाईंनी एकदा मंचाकडे पाहिलं. तिथे सदफभोवती बायकांचा गराडा पडला होता आणि कालीबाई तिला पाण्याचे वार विचारत होती.

"रद्द कसाले?" तुळशीबाई म्हणाल्या. "तारीख ऱ्हाऊ द्या. सदफनं नाव लिखा."